गाडीचा स्वभाव

आमच्या अण्णांच्या गाडीचा ब्रेक तीनवर लागतो. म्हणजे पहिल्यांदा पाय दाबला की काहीच होत नाही, दुसऱ्यांदा दाबला की गाडीला मागून कोणी हाक मारल्यासारखं वाटतं, आणि तिसऱ्यांदा दाबला की ती थांबायचा विचार सुरू करते. यात बिघाड काही नाही. अण्णांच्या मते तो गाडीचा स्वभाव आहे.

अण्णा माझे मावसभाऊ. हडपसरला त्यांचा केटरिंगचा धंदा, आणि ही डिझेलची डिलिव्हरी व्हॅन म्हणजे त्या धंद्याची थोरली सून. २००९ सालची. हजारो माणसांचा मसालेभात तिने वाहिला, लग्नाचाही आणि तेराव्याचाही. कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. महाराष्ट्राला या जातीच्या गाड्या नव्या नाहीत. 'टेम्पो' हा आपल्या तोंडी बसलेला शब्द मुळात एका जर्मन कारखान्याचा. फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो काढली, आधी तीनचाकी आली, मागून मेटॅडोर आली, १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आली, आणि निम्म्या महाराष्ट्राची वऱ्हाडं त्यांतून गेली. अण्णांची गाडी या घराण्यातली की दुसऱ्या, या चौकशीत अर्थ नाही, कारण दोष कारखान्याचा नाहीच. कारखान्याने गाडी दिली होती. स्वभाव आम्ही घडवला.

तो घडला कसा, हे सांगण्यासारखं आहे. बिघाड पहिल्या आठवड्यात बिघाड असतो, तेव्हा अण्णा मिस्त्रीला फोन करतात. महिन्याभरात त्याची सवय होते. सहा महिने टिकला की त्याला स्वभाव म्हणतात. मग तो दुरुस्त करायचा नसतो, सांभाळून घ्यायचा असतो. आणि जो सांभाळून घेतो, त्याला आमच्याकडे 'जाणकार' म्हणतात.

आमचा जाणकार म्हणजे ड्रायव्हर बबन. पहाटे गाडी सुरू करताना त्याचा विधी बघावा. किल्ली अर्धी फिरवायची, हीटरचा दिवा लागतो. तो विझायची वाट बघायची नाही, कारण विझणं त्याच्या स्वभावात नाही. मनात अकरा वेळा 'रामकृष्णहरी' म्हणायचं. मग खाली उतरून डिझेल लाइनचा हातपंप आठदा दाबायचा, लाइनने रात्रीत एअर पकडलेली असते. पुन्हा वर चढून सेल्फ मारायचा. गाडी तीनदा खोकते आणि पांढऱ्या धुराचा एक लोट समोरच्या सोसायटीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सोडून सुरू होते. हा पांढरा धूर सकाळचा. चढावर काळा निघतो, उतारावर पाय काढला की निळसर. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल, काळा म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त, निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय. बबनला हे सगळं माहीत आहे. "अण्णा, धुरावरून मला चढ कळतो," असं तो अभिमानाने सांगतो, आणि अण्णा त्याच्याकडे वैद्याकडे बघावं तसे बघतात.

बाकीचा स्वभावही थोडक्यात सांगतो. हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजतो, त्यामुळे उजवीकडून येणाऱ्यांनी आपापलं बघावं. वायपर उन्हाळ्यात उत्तम चालतो. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधल्या डब्याखाली आहे, आणि तो डबा इतका तापतो की त्यावर ठेवलेल्या पोळ्या कार्यालयात पोचेपर्यंत गरम राहतात. अण्णा हे गिऱ्हाइकांना सोय म्हणून सांगतात.

आता अशी गाडी वर्षातून एकदा पासिंगला न्यावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८चा, त्याचं ५६वं कलम म्हणतं की धंद्याच्या गाडीकडे फिटनेसचं प्रमाणपत्र नसेल, तर तिची नोंदणी वैध धरली जाणार नाही. म्हणजे आरसी बुक खिशात असलं तरी कायद्याच्या लेखी ती गाडी अनाथ. आठ वर्षांपर्यंत हे प्रमाणपत्र दोन वर्षांचं मिळतं, पुढे दरवर्षी. अण्णांना हा वयाचा अपमान वाटतो. मी त्यांना दिल्लीचं सांगितलं. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायच्या नाहीत असं हरित लवादाने २०१५ मध्ये सांगितलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०२१च्या ऑगस्टमध्ये केंद्राने भंगाराचं धोरण आणलं. १ एप्रिल २०२३पासून तर पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच पुढे वाढवायची बंद केली. अण्णांनी हात जोडले. "म्हणजे सरकारचा स्वतःच्या गाड्यांवर विश्वास नाही. माझा माझ्या गाडीवर आहे."

विश्वास होता, तरी पासिंगच्या आदल्या दिवशी तयारी सुरू झाली. मुलगी दाखवायच्या दिवशी शेजारच्या काकूंची नथ आणतात, तशी. आग विझवायचा सिलिंडर शेजारच्या मंडपवाल्याकडून आणला. प्रथमोपचाराची पेटी घरचीच होती, तिच्यातून हळद आणि अमृतांजनची बाटली काढून पट्ट्या भरल्या. पुढे पांढरं, मागे लाल रेडियम चिकटवलं. मागच्या दोन चाकांना अण्णांच्या साडूच्या गाडीचे टायर लावले. नियम सांगतो की टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर खोल हवी. आमच्या टायरची नक्षी हाताला लागत नव्हती, ती श्रद्धेने मानायची होती. गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून पांढरा रंग मारला. बोनेटला हार घातला.

पीयूसीचं आधीच उरकलं होतं. डिझेल गाडीचं पीयूसी म्हणजे इंजिन तापवून ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबायचा आणि नळीतून येणारा धूर किती दाट, ते यंत्राने मोजायचं. आमची गाडी बीएस-३ची, तिला २.४५पर्यंत माफी आहे. बबनने सकाळी रिकामी गाडी हायवेवर वीस किलोमीटर तिसऱ्या गिअरमध्ये पिटाळून नळीतली वर्षाची काजळी लोकांमध्ये वाटली आणि मगच यंत्रापुढे उभी केली. आकडा २.३१ आला. अण्णांनी तो कागद दहावीच्या निकालासारखा दोन्ही हातांनी धरला.

पासिंगचा ट्रॅक दिव्याला, म्हणजे दिवे घाटाच्या वर. आषाढीच्या वारीत माउलींच्या पालखीच्या रथालाही या घाटात जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात. आम्ही मसालेभात नसताना निघालो, तरी दुसऱ्या वळणावर काटा लालात गेला. बबनने गाडी कडेला घेतली, रेडिएटरवर पाणी ओतलं, आणि आम्ही तिघं दरीकडे बघत उभे राहिलो. मला वाटलं, तपासणी इथेच संपवायला हरकत नाही. जी गाडी वर पोचली ती पास, जी पोचली नाही तिच्या निकालाचा कागद तरी कशाला?

वर पोचलो. ट्रॅक चांगला लांब, सरळ. उच्च न्यायालयाने मागे सांगून ठेवलंय की ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक पाहिजे, म्हणजे गाडी नुसती उभी करून तिला प्रेमाने न्याहाळता येणार नाही. समोर निरीक्षक मॅडम होत्या. वय असेल तिशीचं. अण्णांनी नमस्कार केला आणि आवाजात सगळा गोडवा आणून म्हणाले, "मॅडम, घरचीच गाडी समजा."

"घरची असती तर मी विकली असती," मॅडम म्हणाल्या आणि खाली वाकल्या.

त्यांनी चासी नंबर कुठे आहे विचारलं. बबनने फडक्याने गंज पुसला, मॅडमनी दिलेला कागद त्यावर धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. एकेक अक्षर, एकेक आकडा काळ्यातून पांढरा उगवत गेला, सतराच्या सतरा. सोळा वर्षांत त्या गाडीचं एवढं एकच अंग जसंच्या तसं राहिलं होतं. अण्णांचे डोळे भरून आले.

मग मॅडमनी स्टिअरिंग धरून हलवलं. ते बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरलं आणि चाकं जागची हलली नाहीत. हॉर्न दाबला, वाजला नाही. अण्णा लगबगीने म्हणाले, "डावीकडे वळवून दाबा." दिवे लावायला सांगितलं. डावा रस्त्यावर पडला, उजवा समोरच्या आंब्याच्या शेंड्यावर. मॅडम थोडा वेळ शेंड्याकडे बघत राहिल्या. "कैऱ्या शोधायच्या असतील," एवढंच म्हणाल्या.

शेवटी ब्रेक. नियम असा की ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. मॅडम स्वतः शेजारच्या सीटवर चढल्या. बबनने गाडी पळवली, मॅडमनी "दाबा" म्हटलं, आणि बबनने इमानदारीने एक, दोन, तीन केलं. गाडी थांबली. रेघेच्या बरीच पुढे थांबली. मॅडम उतरल्या आणि पाऊल न टाकता तिथूनच लिहू लागल्या.

निकालाच्या कागदावर सहा शेरे होते. मागचा डावा ब्रेक धरत नाही. हँडब्रेक नाही. टाय रॉडच्या बॉल जॉइंटमध्ये प्ले. उजव्या हेडलाइटची दिशा चुकीची. हॉर्न बंद. सायलेन्सर गळका. अण्णांनी प्रत्येक शेऱ्याला उत्तर दिलं. ब्रेक: तीनवर लागतो. हँडब्रेक: आम्ही चाकाला दगड लावतो, दगड गाडीतच असतो. प्ले: जुन्या गाडीला थोडा मोकळेपणा लागतो. हेडलाइट: घाटात वरचं वळण दिसतं. हॉर्न: सांगितलं की. सायलेन्सर: आवाज येतो म्हणून तर हॉर्नची गरज पडत नाही.

"हे सगळं करून पंधरा दिवसांनी या," मॅडम म्हणाल्या. अण्णांनी पाकिटाकडे हात नेला. मॅडमनी त्या हाताकडे असं पाहिलं की तो खिशातला रुमाल काढून घाम पुसूनच परत आला.

उतरताना गाडीत शोककळा होती. "बाई लई कडक," बबन म्हणाला. अण्णा म्हणाले, "कडक नाही, अडवणूक आहे ही. पैसे घेत नाहीत, म्हणजे हेतू काही वेगळाच असणार." साडूला फोन केला, त्यालाही पटलं. रात्री घरी बारा जण जमले होते आणि बाराही जणांचं एकमत झालं की देशात प्रामाणिक माणसाला काम करू देत नाहीत. मला दोन चपात्यांनंतर कळलं की ते अण्णांविषयी बोलत होते.

त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या सोसायटीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबते, तिथून उडी मारायची पद्धत नव्या भाडेकरूला शिकवतात. अण्णांची स्वतःची साखर दोनशेच्या खाली येत नाही. त्यालाही ते 'प्रकृतीच तशी' म्हणतात, आणि तपासणीच्या आधी दोन दिवस जिलबी बंद ठेवतात. रक्ताचं पासिंग झालं की तिसऱ्या दिवशी पाव किलो. शाळेत तपासणीला दिपोटी यायचे त्या दिवशी आमचा फळा काळा असायचा, एरवी करडा. आम्हाला ठाकठीक असणं माहीत आहे, फक्त त्याची तारीख आधी कळली पाहिजे.

नाइलाजाने गाडी मिस्त्रीकडे गेली, आणि चार दिवस तिथेच राहिली. व्हील सिलिंडर नवे, लायनर नवे, ब्रेकच्या लाइनमधली एअर काढली, बॉल जॉइंट बदलला, नोझल साफ केले, हीटर प्लग नवे घातले. टायर स्वतःचे घेतले. मिस्त्रीचं बिल बघून अण्णा घटकाभर खुर्चीत बसले. पंधराव्या दिवशी दिव्याला गेलो. काटा लालात गेला नाही. मॅडमनी "दाबा" म्हटलं आणि गाडी रेघेच्या अलीकडेच थांबली. पास. एका वर्षाचं प्रमाणपत्र.

दुसऱ्या दिवशी सासवडला लग्न होतं. बबनने सवयीने हातपंप दाबायला उडी मारली, तर गाडी आधीच सुरू होती. धूर नाही, खोकला नाही. त्याने तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं पाहिलं. घाटात समोर म्हैस आली. बबनने सोळा वर्षांच्या अनुभवाने, तीन वेळा दाबायच्या हिशेबाने, पहिल्यांदाच जोरात पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मागचं आमटीचं पातेलं मात्र थांबलं नाही. ते पुढे आलं, अर्धी आमटी गरम डब्यावर, पाव बबनच्या पाठीवर आणि थोडी अण्णांच्या धोतरावर. म्हशीला काही झालं नाही. तिने एकदा वळून पाहिलं आणि सावकाश रस्ता ओलांडला.

कार्यालयात पोचून अण्णांनी वरपक्षाला उरलेली आमटी पातळ करून नव्या पद्धतीचं सार म्हणून वाढली. संध्याकाळी मात्र गाडी थेट गॅरेजला.

"ब्रेक जरा ढिले करून दे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, कालच तर पास झालीय."

"पास झालीय, पण तिचा स्वभाव गेला. आमची माणसं घाबरतात तिला."

मिस्त्रीने विचारलं, "किती ढिले करू?"

"पूर्वीसारखे. तीनवर लागतील असे."

मिस्त्री पाना घेऊन गाडीखाली शिरला. काचेला चिकटवलेल्या प्रमाणपत्राची मुदत संपायला अजून अकरा महिने आणि एकोणतीस दिवस होते.