बालकांस न्यायशास्त्र शिकविण्याविषयी काही सूचना

अन्नंभट्टाने सतराव्या शतकात ‘तर्कसंग्रह’ रचला तो बालकांस सुखाने बोध व्हावा म्हणून. मात्र ‘बालक’ म्हणजे अंगावर पिणारे मूल नव्हे, व्याकरण शिकलेला परंतु न्याय न शिकलेला तो बालक, असा खुलासा टीकाकारांस मागाहून करावा लागला. हा खुलासा आमच्या थोरल्या मेहुण्यांच्या दप्तरी दाखल झालेला दिसत नाही. कारण मामलेदार कचेरीतून पेन्शन घेतल्यापासून सहा वर्षांच्या नातवास सप्तपदार्थ पढविण्याचा हुकूम त्यांनी स्वतःच स्वतःवर बजावून घेतला आहे. त्यांच्या व तत्सम वडीलधाऱ्यांच्या उपयोगार्थ या सूचना.

आरंभ सातव्या पदार्थापासून, म्हणजे अभावापासून, करावा. मुलास तोच आधीपासून ठाऊक असतो. लाडू वळण्यापूर्वी त्याचा प्रागभाव आणि खाऊन संपल्यावर प्रध्वंसाभाव, हे डब्यापाशी बसून सांगितल्यास एका बैठकीत उमगते. परंतु मेहुण्यांस मधुमेह असल्याने डबा कोठे ठेवला आहे हे घरात त्यांना कोणी सांगत नाही, आणि पाठ तहकूब होतो.

एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला तरी संतापू नये. नचिकेताचा बाप संतापला होता.

अंधाराचा विषय दिवसा काढावा. अंधार हे दहावे द्रव्य नसून तेजाचा केवळ अभाव होय, हा नैयायिकांचा सिद्धान्त मेहुण्यांनी रात्री दिव्याखाली बसून मोठ्या ऐटीत मांडला, तेव्हा नातू इतकेच म्हणाला, “मग परसात तुम्ही पुढं व्हा, आजोबा.” अंधार काळा आहे, हलतो, सबब तो द्रव्यच, असे भाट्ट मीमांसक म्हणतात, आणि एकही ग्रंथ न उघडता मुलाने त्यांचाच पक्ष धरला. अशा वेळी खंडन करीत न बसता कंदील त्याच्या हाती द्यावा व त्यालाच हलवू द्यावा. काय हलते ते तो आपण होऊन सांगतो.

‘मोठा झालास की कळेल’ हे उत्तर सर्वथा वर्ज्य. आम्ही मोठे झालो. कुठे काय कळले?

परीक्षा घेऊ नये. मेहुण्यांनी घेतली. स्वयंपाकघरात धूर दिसतो, यावरून काय अनुमान करशील, या प्रश्नावर नातवाने “आजीची लाकडं ओली आहेत” असे उत्तर दिले. धुरास नुसता अग्नी पुरत नाही, ओले सरपण लागते, हीच ती उपाधी, आणि ती ग्रंथात पुढे हेत्वाभासांच्या प्रकरणी येते. परंतु मेहुण्यांचे वाचन अद्याप तेथवर पोचले नसल्याने त्यांनी उत्तर नामंजूर केले, आणि आतून आमच्या भगिनीने सुकी लाकडे आणून देण्याविषयी तिसऱ्यांदा फर्मावले, तेव्हा कूस बदलून ग्रंथ पुढे चालू ठेवला.