शिकाऱ्याचे सोबती

नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शिकारी सफारींच्या दरपत्रकात माणसांच्या दोन जाती असतात: शिकारी आणि ‘निरीक्षक’. निरीक्षक म्हणजे बहुधा शिकाऱ्याची पत्नी, क्वचित नवरा किंवा कंटाळलेली मुले. त्याचा रोजचा दर बराच कमी असतो, कारण त्याला फक्त वेळ मारायचा असतो. पहाटे उघड्या गाडीत कुडकुडणे आणि माग काढणारा बोट वर करताच आलेला खोकला गिळणे, ही त्याची मुख्य कामे.

कुडू हे हरीण पडले की फोटोची तयारी सुरू होते. रक्त पुसतात, लोंबलेली जीभ आत सारतात, मान सावरतात. मग शिकारी मागे बसतो. कॅमेरा निरीक्षकाच्या हाती. पीळदार शिंगे मोठी दिसावीत आणि शिकाऱ्याचे पोट लहान, असा कोन साधणे हे खरे कौशल्य. जनावर जखमी होऊन निसटले तरी त्याचे शुल्क सहसा भरावेच लागते. त्या संध्याकाळी शेकोटीपाशी वारा, दुर्बीण आणि वाटाड्या यांच्यावर खापर फुटते. निरीक्षकाने बिल्टाँग, म्हणजे सुकवलेले मांस, चघळत मान डोलवायची. कंटाळलेल्यांसाठी नामिबियात एतोशा राष्ट्रीय उद्यानाची सहल असते. तिथले प्राणी जिवंत असतात आणि बरेच स्वस्त पडतात.

मढवलेले मुंडके काही महिन्यांनी घरी पोचते. ते दिवाणखान्यात लावायचे की गॅरेजमध्ये, हा निर्णय मात्र निरीक्षकाचा.