उद्या पॉलिसी आहे

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत ६ सदस्य असतात, हे झालं कागदोपत्री. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या हिशेबात ७. सातवे अप्पा, बी विंग, दुसरा मजला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण पातळी बघायची सवय सुटेना, म्हणून सेन्सेक्सची बघायला लागले.

असे अप्पा गल्लोगल्ली आहेत. ओळखायची खूण म्हणजे बैठकीच्या निर्णयाच्या आदल्या दिवशी ते पार्किंगवरूनसुद्धा भांडत नाहीत. "उद्या पॉलिसी आहे," एवढंच म्हणतात. नवख्याला वाटतं, विम्याचा हप्ता राहिलाय.

२९ सप्टेंबर २०२२चा गुरुवार घ्या. घरोघरी घट बसलेले, बाजार सलग ७ दिवस पडलेला, डॉलर ८१ रुपयांच्या पुढे आणि अमेरिकेच्या फेडने आठवड्यापूर्वीच व्याजदर पाऊण टक्का वाढवून ठेवलेला. आपल्याकडे अर्धा टक्का वाढणार, हे कट्ट्यावर सगळेच सांगत होते.

"मग घाबरायचं कशाला, अप्पा? वाढ तर भावात आलीच आहे."

"वाढीला कोण घाबरतंय? गव्हर्नर सूर कसा लावतात, ते बघायचं."

खरी गोम वेगळीच. आपल्याला नक्की काय हवंय, हे अप्पांनाच ठरवता येत नाही. बँकेत मुदत ठेवी आहेत, त्यावर ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा टक्का जादा मिळतो. व्याज वाढलं तर तिथे आनंद. डिमॅटमध्ये बँका आणि गाड्यांचे शेअर आहेत. व्याज वाढलं तर तिथे पोटात गोळा. आणि मुलाचं हिंजवडीच्या फ्लॅटचं कर्ज थेट रेपो दराला बांधलेलं. रेपो हलला की पुण्याहून फोन. संध्याकाळी घटासमोर हात जोडून अप्पा म्हणाले, "वाढू दे आई, पण ठेवीपुरतंच." काकूंनी निरांजन जरा पुढे सरकवलं. एवढं बारकाव्याचं मागणं देवीला नीट दिसायला हवं ना.

त्यांची भीती अगदीच फुकाची नव्हती, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी ४ मे रोजी रिझर्व्ह बँकेने वेळापत्रकात नसलेली बैठक घेतली आणि दुपारी दोनला रेपो ४ वरून ४.४० टक्क्यांवर नेला. सेन्सेक्स १,३०० अंकांनी आपटला. एलआयसीचा आयपीओ खुला झाला तोही त्याच दिवशी. पॉलिसीधारक म्हणून शेअरमागे ६० रुपयांची सूट, या आनंदात अप्पा अर्ज भरत बसले होते. पुढे तो शेअर ९४९ रुपयांच्या इश्यू किमतीच्या खालीच उघडला. तेव्हापासून अप्पांनी दुपारची झोप सोडली. गव्हर्नरांचा काय भरवसा!

शुक्रवारी सव्वानऊला बाजार उघडला. 'जोखीम कमी करायची' म्हणून अप्पांनी बँकांचे निम्मे शेअर फुंकून टाकले आणि अंघोळ न करता टीव्हीसमोर बसले. दहाला तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास बोलू लागले. रेपो ५.९० टक्के. अर्धाच वाढला. अप्पांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाजार वर निघाला होता, आणि दिवसअखेर सेन्सेक्स हजार अंकांहून जास्त वाढला.

"हिरवाच असणार," काकू पदर खोचत म्हणाल्या. "आज नवरात्राचा रंगच हिरवा आहे. मी कालच म्हटलं होतं, पण तुम्ही चॅनेलवाल्यांचं ऐकता."

संध्याकाळी कट्ट्यावर कोणीतरी विचारलंच, "अप्पा, मे महिन्यात दर वाढला तर बाजार पडला. आता वाढला तर चढला. हे कसं?"

"तेव्हा न सांगता वाढवला, आता सांगून वाढवला. बाजाराला वाढीचं काही नसतं हो, टांगून ठेवलेलं चालत नाही." (हे मात्र बरोबर बोलले. त्यांचं विश्लेषण सहसा बरोबरच असतं, फक्त ते संध्याकाळी सुचतं.)

"मग तुम्ही सकाळी विकले का?"

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. अप्पांनी घाईघाईने तो स्पीकरवर टाकला.

"अप्पा, बँकेने हप्ता आहे तेवढाच ठेवलाय. मुदत वाढवलीय. मी रिटायर झाल्यावर ३ वर्षांनी कर्ज फिटेल."

"अरे, मग चांगलंय की," अप्पा म्हणाले. "लाँग टर्मला घाबरायचं नसतं."