अटी लागू, फक्त बहिणीला

राजारामपुरीतलं एक सेवा केंद्र. आठव्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी 'लाडकी बहीण' योजनेच्या केवायसीसाठी काउंटरवर आधार कार्ड ठेवतात. ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर. नवरा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, मशिनवर. तो फोन बघेपर्यंत ओटीपी शिळा. 'वहिनी, उद्या या.'

पडलेला खाडा कुठल्या रकान्यात भरायचा?

लाडक्या बहिणीला अटी २०२४ पासूनच होत्या. उत्पन्न अडीच लाखांच्या आत, दारात चारचाकी नको, घरात आयकर भरणारा नको. रास्तच. पण तेव्हा त्या तपासायला सवड कुणाला? नोव्हेंबरचा हप्तासुद्धा ऑक्टोबरातच जमा. भाऊबीज तोंडावर होती ना!

आणि २० नोव्हेंबरला मतदान.

निकाल लागला आणि सरकारला चष्मा सापडला. अंगणवाडी सेविका दारोदार चारचाक्या शोधत फिरल्या. जुलै २०२५ पर्यंत २६.३४ लाख जणींचे पैसे थांबले. लाभार्थ्यांत चौदा हजारांवर पुरुषही निघाले. एवढे भाऊ वर्षभर कुणाच्या नजरेला पडले नाहीत.

सप्टेंबरात ई-केवायसीचा फतवा आला. नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधारही जोडा. दोघंही हयात नसतील तर? हा प्रश्न सरकारला आदेश काढल्यावर पडला.

मग काय, अटीच नकोत?

असं कोल्हापुरात कोण म्हणेल? १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. पण ती अट पोराच्या भल्याची होती, आणि शाळा उघडायची जबाबदारी दरबारानं स्वतःच्या डोक्यावर घेतली होती.

आजची अट कुणाच्या भल्याची?

त्याचं उत्तरही कोल्हापुरातच मिळालं होतं. नोव्हेंबर २०२४, प्रचारसभा. योजनेचे पैसे घेऊन काँग्रेसच्या सभेत दिसणाऱ्या बायकांचे फोटो काढा, असं भाजपचे खासदार धनंजय महाडिक बोलून गेले. गुन्हा दाखल झाला, माफीही आली. जीआरमध्ये नसलेली अट निदान एकानं मोठ्यानं वाचून तरी दाखवली!

पैसा सरकारी तिजोरीतला. मावशी साबण घेतात तेव्हा त्याच तिजोरीत जीएसटी भरतात. तेव्हा कुणी पात्रता विचारत नाही.

राहता राहिली देणाऱ्याची अट. सत्ताधाऱ्यांच्या जाहीरनाम्यात महिना २१०० रुपये लिहिले होते. २०२५ चं अख्खं वर्ष १५०० वरच गेलं. केवायसी तेवढी बहिणीची झाली.