लिंबू कोणाच्या वाट्याचं?

एक लिंबू, दोन चमचे खायचा सोडा, चिमूटभर मीठ, अर्धी वाटी कोमट पाणी. सगळं ढवळून पाच मिनिटं झाकून ठेवा. इथवर वाचलं की मला भूक लागते. ढोकळा असावा, निदान सरबत तरी. मग पुढची ओळ येते: 'आता हे मिश्रण कमोडमध्ये ओता.'

आमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर पाककृती आणि साफसफाईच्या युक्त्या हल्ली एकामागोमाग येतात आणि दोन्हींचा कच्चा माल एकच असतो. केचप पितळेला, कॉफी फ्रिजला, बटाटा आरशाला, केळ्याचं साल बुटांना, कोका-कोला टॉयलेटला. या घरात माणसांनी काय खायचं, याची युक्ती मात्र अजून कोणी पाठवलेली नाही.

आम्ही पिंपळे गुरवला राहतो. रिक्षावाल्याला 'राजमाता जिजाऊ उद्यान' सांगितलं तर तो विचारात पडतो; 'डायनासोर गार्डन' म्हटलं की लगेच निघतो. त्या डायनासोरच्या शेजारात आमचा संसार आहे आणि घरात सासूबाई. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या माझं लिखाण वाचतात.

तर व्हिनेगर. फोनवरची प्रत्येक युक्ती 'एक वाटी व्हाइट व्हिनेगर घ्या' अशी सुरू होते. आमच्याकडे व्हिनेगर येतं ते चिरंजीवांना घरी हक्का नूडल्स करायची हुक्की येते तेव्हाच, आणि मग ती बाटली पुढच्या हुक्कीपर्यंत फ्रिजच्या दारात उभी असते. त्यात सोडा घाला म्हणतात. घातला की जोरदार फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, आता घरातला सात पिढ्यांचा मळ निघणार. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो उडून गेला की खाली उरतं सोडियम अॅसिटेटचं खारट पाणी. आम्लानं सोड्याला गारद केलेलं असतं, सोड्यानं आम्लाला. मळ बाजूला उभा राहून त्यांचं भांडण बघतो. वेगवेगळे वापरले तर दोघेही कामाचे आहेत: तेलकट, चिकट जागी सोडा आणि नळावरच्या पांढऱ्या क्षारावर आम्ल. पण त्यात फेस नाही, आणि फेस नसेल तर व्हिडिओ कोण बघणार?

२०२२ च्या एप्रिलमध्ये बाजारात एकेक लिंबू दहा रुपयांना मिळत होतं. नेमक्या त्याच महिन्यात ग्रुपवर युक्ती आली, 'नळ चमकवण्यासाठी चार ताजी लिंबं घ्या.' मी ती सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "चाळीस रुपयांची लिंबं नळाला? त्याचं काय उष्टावण आहे?"

सासूबाई जुन्नरकडच्या. त्यांचा घटनेइतका पक्का एक नियम आहे: आधी पोट, मग भांडं. लिंबू पहिल्यांदा पोह्यांवर पिळायचं. पिळलेली फोड कुकरच्या तळच्या पाण्यात टाकायची, म्हणजे अॅल्युमिनियम आतून काळं पडत नाही. कुकरमधून निघालेली तीच फोड सिंकच्या जाळीवर फिरवायची आणि मग कुंडीत. एवढी सेवा करून लिंबू निवृत्त होतं. नारळाचंही तेच. खोबरं वाटणात, पाणी नातवाला आणि शेंडी काथ्या म्हणून कढईला. ताक उरून फार आंबट झालं तर त्याची कढी, आणि कढीच्याही पलीकडे गेलं तर ते तांब्याच्या कळशीला. या घरात कोणताही जिन्नस थेट मोरीत जाऊ शकत नाही. त्याला स्वयंपाकघरात नोकरी करूनच यावं लागतं.

प्रश्न आला तो देवाच्या भांड्यांचा. माझं माहेर चिपळूणचं. आमच्याकडे तांब्या-पितळेला आमसूल. सोलकढीसाठी भिजवलेली आमसुलं पिळून घेतली की उरलेल्या सालांनी पळी-पंचपात्र घासायचं. सासूबाईंच्या मते भांड्याला चिंच आणि फक्त चिंच: चिंचगुळाची आमटी करायची, कोळ काढून उरलेल्या चोथ्यात मीठ घालायचं आणि घासायचं. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं दोघी बरोबर आहोत. तांब्यावर चढलेला काळपट थर हा ऑक्साइडचा असतो आणि तो आम्लात विरघळतो. चिंचेतलं टार्टारिक असो, लिंबातलं सायट्रिक असो की आमसुलातलं आणखी कुठलं, त्या थराला आडनावाशी देणंघेणं नसतं. पण लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं आमच्या घरात समई चिंचेची की आमसुलाची, यावर जे शीतयुद्ध चाललं, त्यात समई मात्र आरशासारखी लख्ख राहिली, कारण एकीनं घासली की दुसरी पुन्हा घासायची. अखेर 'हे' पितांबरीचा डबा घेऊन आले. दोन्ही पक्ष त्या क्षणी एक झाले आणि डब्यावर तुटून पडले.

आता पाण्याचं सांगायला हवं, कारण साफसफाईच्या युक्त्या लिहिणाऱ्यांच्या घरी नळाला कायम पाणी असतं असं दिसतं. पिंपरी-चिंचवडचं बहुतेक पाणी मावळातल्या पवना धरणातून येतं. नदीतून आलेलं ते पाणी रावेतला उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि मग आपल्याकडे सोडतात. २०१९ च्या नोव्हेंबरात महापालिकेनं ते दिवसाआड केलं. मधल्या दिवसाची तूट सोसायटी बोअरनं आणि टँकरनं भरून काढते. बोअरचं पाणी जड. ते नळावर, शॉवरवर, गिझरच्या कॉइलवर आणि काचेच्या ग्लासांवर पांढरी रांगोळी काढून जातं. हा कॅल्शियमचा क्षार. साबणानं कितीही घासला तरी ढिम्म हलत नाही, आम्लानं जातो. तिथे लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात पुडीत मिळणारं सायट्रिक अॅसिड, उत्तम. चमचाभर पेलाभर पाण्यात घालायचं, फडकं भिजवून नळाला गुंडाळायचं, अर्ध्या तासानं पुसायचं. अख्ख्या लेखात खात्रीची युक्ती हीच, तेव्हा कापून ठेवायची असेल तर हा परिच्छेद कापा.

ही युक्ती मी ग्रुपवर टाकली. बी विंगमधल्या काकूंना ती फारच आवडली आणि उरलेलं लिंबूसत्त्व त्यांनी कडप्प्याच्या ओट्यावर ओतलं. बारीक बुडबुडे आले. काकूंनी आनंदानं व्हिडिओ काढला: "बघा गं, किती मळ निघतोय!" तो मळ नव्हता, ओटा होता. कडप्पा हा चुनखडक. नळावरचा क्षार जो, त्याच कुळातला हा दगड; आम्लाला दोघांत फरक करता येत नाही. शहाबादी फरशीचंही तेच, संगमरवराचंही तेच. काळ्याभोर ओट्यावर आता भारताच्या नकाशासारखा पांढरट डाग आहे आणि काकू त्यावर कायम पोळपाट ठेवतात.

आमच्या घराला आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. इकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारीच सुट्टी, त्यामुळे रविवारी आम्ही साळसूदपणे डबा भरतो आणि जगाची सुट्टी संपल्यावर आमची सुरू होते. 'हे' चाकणला एका कंपनीत आहेत. रोज पहाटे काटेपुरम चौकातून कंपनीची बस पकडायची आणि नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत जायचं. कंपनीत त्यांना फाइव्ह एस शिकवलंय. ही कारखाना नीटनेटका ठेवण्याची जपानी पद्धत: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. निवडा, मांडा, झाडा, तसंच ठेवा आणि अंगवळणी पाडा. एका गुरुवारी त्यांनी ठरवलं की हे घरी लागू करायचं. त्या दिवशी नेमकी महावितरणची देखभालीची बत्तीगुल होती, टीव्ही बंद होता. नाहीतर जपान आमच्या घरात शिरलाच नसता.

पहिली पायरी लाल चिठ्ठीची. वर्षभरात जी वस्तू वारंवार लागली नाही तिला लाल चिठ्ठी लावायची आणि नंतर ती हलवायची. ह्यांनी माळा उतरवला आणि चिकटवत सुटले. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, अनारशांची जाळी, तांब्याचं घंगाळ, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांची उतरंड. सासूबाई दुपारच्या झोपेतून उठून आल्या.

"काय रे, लिलाव आहे का?"

"आई, या वस्तू वर्षातून एकदाच लागतात."

"गणपतीसुद्धा वर्षातून एकदाच येतो."

यावर जपानमध्ये काय उत्तर देतात ते ह्यांच्या ट्रेनिंगमध्ये आलेलं नव्हतं. संध्याकाळी पाहिलं तर पुरणयंत्रासकट सगळ्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या आणि त्या ह्यांच्या कपाटातल्या बक्षिसांवर लागल्या होत्या: कायझेन, म्हणजे कामातल्या सुधारणांच्या, स्पर्धेत मिळालेली भिंतीवरची घड्याळं, दर ४ मार्चला सुरक्षा दिनानिमित्त मिळणारे थर्मास आणि कंपनीचं नाव छापलेल्या, कोणी कधी वापरत नाही अशा बॅगा. श्रीखंडाचे डबे जागच्या जागी. त्यांत गोडा मसाला भरतात, आणि दगडफुलाचा वास सांभाळायला त्या डब्यासारखा डबा नाही, हे मी सासूबाईंच्या बाजूनं शपथेवर सांगेन.

पुढच्या गुरुवारी शॅडो बोर्ड आला. कारखान्यात प्रत्येक पान्याची आकृती फळ्यावर रंगवतात, म्हणजे पाना जागेवर नसला की लगेच कळतं. ह्यांनी ओट्यामागच्या टाइल्सवर मार्करनं झारा, उलथणं, पळी, रवी आणि सांडशी काढली. मार्कर पक्का निघाला. पाहुणे विचारतात, वारली आहे का?

सगळ्यात बहार आली ती पाच 'का'ची. काहीही बिघडलं की पाचदा का विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. पहाटे दूध उतू गेलं आणि पातेलं करपलं.

"दूध उतू का गेलं?"

"गॅस मोठा होता."

"गॅस मोठा का होता?"

"तुम्हाला चहा लगेच हवा होता."

"लगेच का हवा होता?"

"बस सुटत होती."

"बस का सुटत होती?"

"तुम्ही गजर बंद करून परत झोपलात."

पाचवा 'का' विचारायच्या आधी त्यांना बस आठवली. पातेल्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून उकळलं, तेव्हा खरपुडी सुटली. स्टीलला चालतं हे. अॅल्युमिनियमला करू नका, काळं पडतं.

हळदीचं मात्र कोणाला जमलेलं नाही. ह्यांच्या कंपनीच्या पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली. साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक झाला आणि चिरंजीव "बाबांना लागलं" म्हणून ओरडत आले. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, आणि साबण अल्कधर्मीच. आपलं पारंपरिक कुंकूही हळदीला अल्कली देऊनच होतं. घाबरायचं नाही. शर्ट धुऊन उन्हात टाकायचा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. अडचण एवढीच की आमच्या बाल्कनीत ऊन येतं ते समोरच्या टॉवरच्या परवानगीनं.

आणि दसरा काढणं. घटस्थापनेच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुवायची, गोधड्यांसकट. सासूबाई माहेरी होत्या तेव्हा गोधड्या कुकडीच्या काठी जायच्या. इथे पवना चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण ती बरेचदा जलपर्णीखाली असते आणि तिलाच कोणीतरी दसरा काढायला हवा. राहिलं वॉशिंग मशिन. ओली गोधडी त्यात शिरते ती हत्तीनं रिक्षात बसावं तशी. ग्रुपवर आलं होतं की गोधडीला अर्धी वाटी व्हिनेगर घाला. सासूबाई म्हणाल्या, "आधी पाणी घाला म्हणावं."

थट्टा सोडून एक गोष्ट. मध्यंतरी ग्रुपवर युक्ती आली: टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करा, दुप्पट पांढरं होईल. मी ती मोठ्यानं वाचली आणि ह्यांनी पहिल्यांदाच हातातला चहा खाली ठेवला. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं; ते ब्लीचवर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता तोच, आणि इथे तर दार लावलेलं चार बाय सहाचं बाथरूम. लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत्त्व, कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये घालू नका. चुकून घातलं गेलंच तर ते साफ करत बसू नका, बाहेर या. अशी युक्ती तुमच्या ग्रुपवर आली तर पुढे ढकलू नका, तिथल्या तिथे खोडून काढा. काहीतरी पाठवल्याशिवाय चैनच पडत नसेल तर चिंचगुळाच्या आमटीची कृती पाठवा. ती बिघडली तरी भाताबरोबर खपून जाते.