धाप चढाची की डंखाची?

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात दरवर्षी मार्च महिन्यात केप एपिक नावाची माउंटन बाइक शर्यत होते. २००४ साली सुरू झालेली ही शर्यत आठ दिवस चालते. अंतर साधारण सातशे किलोमीटर, आणि सगळे चढ एकावर एक रचले तर उंची पंधरा हजार मीटरच्या आसपास. समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट संपवला तरी कळसूबाई तीनदा चढण्याइतकं शिल्लक राहतं. हे सगळं माणसं पदरचे पैसे मोजून करतात, रात्री तंबूत झोपतात आणि पहाटे उठून आनंदाने पुन्हा त्याच यातनांच्या रांगेत उभी राहतात. अशा शर्यतीत मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असलेल्या माणसाने उतरावं का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारला तर उत्तर मिळतं आणि घरच्यांना विचारला तर भांडण होतं. माझ्या मते उतरायला हरकत नाही. फक्त एक गोष्ट आधी मान्य करावी लागते : डंख बसल्यानंतर आपल्याला काय होतंय हे ठरवायला जगातला सर्वात नालायक माणूस आपण स्वतः असतो.

कारण अगदी साधं आहे. डंखाची तीव्र ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, सुरू झाली की छाती धडधडते, धाप लागते, मळमळतं, चक्कर येते, पायांतलं बळ जातं आणि आता आपलं काही खरं नाही असं वाटू लागतं. आता भर दुपारी दगडगोट्यांच्या चढावर सायकल रेटणाऱ्या कुठल्याही धडधाकट माणसाची तपासणी करा. छाती धडधडतेय, धाप लागलीय, तिसरं एनर्जी जेल खाल्ल्यापासून मळमळतंय, आणि आपलं काही खरं नाही हे तर नाव नोंदवलं त्याच दिवशी कळलेलं आहे. डंख हा आजार असेल आणि शर्यत हा छंद, तर दोघांची लक्षणं एकमेकांची नक्कल करून लिहिल्यासारखी आहेत. राहिली वेगळी ओळख, म्हणजे अंगावर उठणाऱ्या गांधी, सुजलेले ओठ, तळहाताची खाज. पण अंग घट्ट जर्सीत, तळहात हातमोज्यात, डोळे गॉगलमागे आणि उरलेला चेहरा धुळीच्या थराखाली. शिवाय काहींच्या अंगावर गांधी उठतच नाहीत.

मधमाशीला दोष देण्यात मात्र अर्थ नाही. केपची मधमाशी हे एक अजब प्रकरण आहे. तिथली कामकरी माशी राणीच्या आणि नराच्या मदतीवाचून मादी पिल्लं देणारी अंडी घालू शकते. दुसऱ्या उपजातीच्या पोळ्यात शिरून ते बळकावणं हाही तिचा उद्योग. १९९० साली मधपाळांनी केपच्या वसाहती उत्तरेला नेल्या, तेव्हा तिथल्या पोळ्यांचा तिने धुव्वा उडवला. सायकलवाल्यांशी तिचं काही वैर नाही. उन्हाळ्याच्या अखेरीला निलगिरीच्या मोहरावर ती कामाला जात असते आणि हा प्राणी चाळीसच्या वेगाने उतारावरून तिच्या वाटेत येतो. हेल्मेटला हवेसाठी फटी असतात. त्या फटीतून आत गेलेली माशी केसांत अडकते, हनुवटीखालचा पट्टा बंद असतो आणि दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर असतात. तिचा डंख काटेरी असल्याने तो विषाच्या पिशवीसकट डोक्यात रुतून राहतो आणि पिशवी आपली पंप करत राहते. पहिल्या अर्ध्या मिनिटात बहुतेक विष आत जातं. म्हणून डंख नखाने काढावा की चिमटीने, यावर वाद घालत बसू नये. जो पटकन निघेल तो बरोबर. आणखी एक गंमत : डंख मारल्यावर माशी सोबतिणींना हाक घालते त्या वासातलं मुख्य रसायन पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतं, आणि सायकलवाल्यांचं राष्ट्रीय फळ केळं आहे. एका केळ्याने पोळं उठत नाही, पण आग्या मोहोळाखाली शिदोरी सोडू नये हे किल्ले चढणाऱ्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

डंखानंतर आपलं आपल्याला कळत नाही, यावर पहिला आक्षेप येतो तो मुरलेल्या सायकलपटूंचा : आम्हाला आमचं शरीर कळतं. कळतं, हे खरं. पण वर्षानुवर्षं त्यांनी नेमका कशाचा सराव केला? धाप, मळमळ आणि चक्कर यांच्याकडे दुर्लक्ष करण्याचा. जो जितका मुरलेला, तो तितका उशिरा थांबणार. मनगटावरचं घड्याळ ठोके मोजतं, कारण सांगत नाही. आणि वेळ फार थोडा असतो. तीव्र ॲलर्जीने ब्रिटनमध्ये झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात डंखापासून श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ १५ मिनिटांचा निघाला. तेवढ्या वेळात डोंगरातला सायकलवाला फार तर पुढचं वळण गाठतो.

इथेच केप एपिकचा एक जाचक नियम उपयोगी पडतो. ही शर्यत जोडीने खेळायची असते आणि दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलेलं चालत नाही. या नियमामुळे किती मैत्र्या तुटल्या असतील देव जाणे, पण ॲलर्जीवाल्याला याहून चांगली व्यवस्था कुणी करून दिली नसती. निर्णय जोडीदाराने घ्यायचा. तोही थकलेला असतो, त्यालाही शर्यत संपवायची असते, मग त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्या क्षणी त्याच्या बुद्धीवर काही सोडायचंच नाही. डॉक्टरांकडून लेखी सूचना घ्यायच्या आणि आदल्या रात्री, डोकी थंड असताना, ठरवून टाकायचं : डंख बसला की दोघांनी थांबायचं, आणि डंखाच्या जागेपलीकडे अंगात काहीही बिघडलेलं दिसलं की ॲड्रिनलिनचं पेन, म्हणजे भरून तयार असलेलं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. चड्डीवरून टोचलं तरी चालतं, तेव्हा लाजायचं कारण नाही. नंतर रुग्णाला आडवं करून पाय वर ठेवायचे, दम लागत असेल तर पाय पसरून बसवायचं. त्याला उभं करून पाठीवर थाप मारणं आणि सायकलवर बसवणं, हा जो खिलाडू वृत्तीचा आविष्कार असतो, तो जीवघेणा ठरू शकतो. पेनाने बरं वाटलं तरी गाठायचं ते रुग्णालय, कारण काही तासांनी तोच प्रकार पुन्हा उद्भवू शकतो.

ॲलर्जीची गोळी घेऊन पुढे जाऊ, असं म्हणणारे बरेच भेटतात. गोळीने गांधी आणि खाज कमी होते, म्हणजे जोडीदाराला दिसण्याजोगा उरलासुरला पुरावाही पुसला जातो. आवळलेला घसा आणि पडलेला रक्तदाब तिला जुमानत नाहीत. उत्तेजकांच्या नियमांचा आक्षेप जास्त वजनदार आहे. २००१ च्या टूर द फ्रान्समध्ये सायकलपटू जोनाथन व्हॉटर्स पायरेनीजचे घाट पार करून बसला होता. तेवढ्यात गांधीलमाशीने डोळ्याजवळ डंख केला आणि डोळा सुजून बंद झाला. कॉर्टिसोन घेतलं असतं तर सूज उतरली असती, पण नियमात ते बसत नव्हतं. डोंगरांनी न हरलेला गडी माशीमुळे घरी गेला. ॲड्रिनलिनसुद्धा स्पर्धेच्या काळात निषिद्ध यादीत आहे. मात्र जिवावर बेतलं असेल तर आधी इंजेक्शन आणि मागाहून परवानगीचा अर्ज, अशी तरतूद नियमांतच आहे. शिवाय पेन टोचल्यावर त्या दिवशी आडवंच पडायचं असल्याने, त्याच्या जोरावर कुणी चढ जिंकेल ही भीती निराधार आहे.

घाई नसेल त्याने शर्यतीच्या काही वर्षं आधी विषाच्या वाढत्या मात्रांचा उपचार सुरू करावा. तो तीन ते पाच वर्षं चालतो आणि मधमाशीच्या बाबतीत साधारण ८० टक्के लोकांना संरक्षण देतो. पेनं दोन न्यावीत, उन्हात तापू देऊ नयेत, मुदत तपासावी. भारतात ती सहजासहजी मिळत नाहीत, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी पेनाची सोय बघा. आणि जोडीदाराला सरावाचं पेन आपल्या मांडीवर दहा वेळा मारू द्या. त्यात सुई नसते.