एकट्यापुरती चक्की

चहाच्या घरात कॉफी पिणारा माणूस कायमचा अल्पसंख्याक. त्याच्यासाठी दूध वेगळं काढून ठेवावं लागतं, त्याचा डबा फडताळात सगळ्यांत वर जातो आणि पाहुण्यांना त्याची ओळख 'यांचं काहीतरी निराळंच असतं' अशी करून दिली जाते. अशा माणसाने एके दिवशी जाहीर करावं, की आता बियाच आणायच्या, घरी दळायच्या आणि त्यासाठी वेगळी चक्की घ्यायची, म्हणजे घरच्यांच्या सोशिकपणाची परीक्षाच. आमच्याकडे बायकोने एवढंच विचारलं, "मिक्सरला काय धाड भरलीय?"

प्रश्न रास्त होता. मिक्सर दाण्याचं कूट करतो, ओलं खोबरं वाटतो, पिठीसाखर करतो, मग चमचाभर बियांनीच काय घोडं मारलंय? पण मिक्सरचं पातं दळत नाही. ते मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेत हाती लागेल ते तोडत सुटतं. तळाशी पिठी साचते आणि वर अर्ध्यामुर्ध्या फुटलेल्या बिया गरगरत राहतात. त्यावर गरम पाणी ओतलं, की पिठीतून नको तेवढा अर्क उतरून कडूपणा येतो, आणि मोठ्या तुकड्यांतून पुरेसा न उतरल्याने आंबूस चव. कडू आणि आंबूस, दोन्ही एकाच कपात. शिवाय चटणीच्या भांड्याला कितीही घासलं तरी लसूण आपली हजेरी लावून जातो तो वेगळाच.

कॉफीच्या खऱ्या चक्कीत पातं नसतंच. दोन दातेरी तळ्या असतात, एक जागची हलत नाही आणि दुसरी फिरते. दोघींमधल्या फटीतून जाईल एवढी बारीक झाल्याशिवाय बीची सुटका नाही. थोडक्यात, जातं. डाळ भरडायची असली की मधल्या खुंटीला चिंधी गुंडाळून वरची तळी किंचित उचलून धरायची, ही युक्ती ज्या आजीला ठाऊक होती तिला या यंत्राची माहितीपुस्तिका उघडावी लागली नसती. चिंधीच्या जागी आता एक गोल चाकी आहे. ती फिरवताना टक टक असे खटके लागतात, आणि एकेका खटक्याने फट कमी-जास्त होते. फ्रेंच प्रेसला जाड्या रव्यासारखं दळण, एस्प्रेसोला जवळजवळ पिठी, आणि आपल्या दाक्षिणात्य फिल्टरला या दोहोंच्या मधलं, पण पिठीकडे झुकलेलं. हे फिल्टरचं प्रकरण नाजूक. दळण जरा भरड पडलं तर पाणी भसाभसा खाली उतरतं आणि डिकॉक्शन म्हणून हाती येतं ते फोडणीच्या पाण्यासारखं पातळ. खटका जास्त आवळला तर वरच्या भांड्यातलं पाणी हलायलाच तयार नसतं. झाकण उघडून पाहावं, पुन्हा लावावं, फिल्टरला दोन टिचक्या माराव्यात; खाली मिनिटाला एक थेंब. तोवर घरातल्या सगळ्यांचा दुसरा चहा झालेला असतो.

तळ्या शंकूच्या आकाराच्या बऱ्या की सपाट, पोलादी की सिरॅमिकच्या, यावर जाणकार रात्रभर बोलू शकतात. मला घरच्या कपात तो फरक लागला नाही, आणि ज्यांना लागतो त्यांच्याकडे कॉफीला बोलावलं की पोटात गोळा येतो. हौसेला तर मोल नाहीच. जर्मनीत बनणारी कमांडांटे नावाची हाताने फिरवायची चक्की वीस हजारांच्या वर जाते. तिला वीज लागत नाही, फक्त उजवा हात लागतो, तो आपला आपण आणायचा. मोटारींसाठी आपल्याला माहीत असलेली फ्रान्सची पूजो कंपनी १८४० पासून कॉफीच्या चक्क्या बनवत होती, मोटारी पुष्कळ नंतर आल्या. आमच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, मग त्यांची प्रगती झाली म्हणायची."

त्याचंच पुढचं म्हणणं असं, की माटुंग्याहून दळून का आणत नाही? हाही मुद्दा बिनतोड. किंग्ज सर्कलच्या आसपास म्हैसूर कन्सर्न्ससारखी दुकानं आहेत. पीबेरी की प्लांटेशन, चिकोरी घालायची का आणि किती, एवढं ठरलं की दोन मिनिटांत गरम पुडी हातात. (चिकोरीला नाकं मुरडणारे मुरडोत, तिच्याशिवाय डिकॉक्शनला तो दाटपणा येत नाही. मात्र आपल्या कायद्याने मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावीच लागते, म्हणजे चिकोरीला बहुमत मिळण्याची सोय नाही.) त्या दुकानांवरून नुसतं चालत गेलं तरी जीव सुखावतो. पण त्या वासाचा हिशेब मांडून पाहिला, की तो कुणाच्या तरी उद्याच्या कपातून वजा झालेला असतो. बी अख्खी असेपर्यंत सुगंध आत धरून ठेवते. दळली, की हवेला भिडणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि सुगंधाची वाफ होऊ लागते. पुडी घरी येते तोवर रिक्षावाल्याने बरीचशी कॉफी पिऊन घेतलेली असते.

बायकोला पटलं ते मात्र माझ्या शास्त्राने नाही, जायफळाने. आमच्याकडे तिच्या माहेरची कॉफी म्हणजे भरपूर दूध, साखर आणि वरून जायफळ. ते जायफळ कुणी पूड करून बरणीत भरून ठेवत नाही, ऐन वेळी किसणीवर दोनदा ओढायचं. "तसंच काय?" ती म्हणाली. तसंच. त्यानंतर प्रश्न उरला तो फक्त जागेचा.

विजेवरच्या चांगल्या चक्कीची उंची ओटा आणि वरचं कपाट यांच्यामध्ये मावत नाही. ती पुढे ओढून वापरायची आणि मागे सरकवून ठेवायची, म्हणजे पिंप हलवायचं. प्लग पॉइंट दोन. एकावर मिक्सर, दुसऱ्यावर पाण्याचं फिल्टर, आणि या दोघांचे हक्क वहिवाटीने सिद्ध झालेले. त्यात मी उठतो पहाटे साडेपाचला. विजेवरच्या चक्कीचे फेरे मिक्सरच्या मानाने फारच कमी, मिनिटाला पाचशेच्या आसपास, पण अख्ख्या बिया तळ्यांत सापडताना जो कडकडाट होतो तो भिंतीपलीकडच्या काकूंना सुप्रभात म्हणायला पुरेसा असतो. तेव्हा तळ्यांचा व्यास आणि मोटरची ताकद यांची तुलना मी करत बसलो असलो, तरी निवड ओट्याने आणि काकूंच्या झोपेने कधीच करून टाकली होती. मध्यम किमतीची हातचक्की आली.

ती बाटलीएवढी आहे. वीस ग्रॅम बिया घालायच्या, पोटाशी धरायची आणि फिरवायची. गडद भाजलेल्या बिया ठिसूळ, चटकन मोडतात. फिक्या भाजलेल्या हटवादी, त्यांच्यापायी मनगट भरून येतं. शेवटच्या दोन-चार बिया संपल्या की दांडी एकदम हलकी होते, आणि या गोष्टीचा मला दररोज नव्याने आनंद होतो. मग खालचं भांडं उघडायचं तर कॉफीच्या बीवरचं तलम साल सगळीकडे चिकटलेलं, भांड्याला, बोटांना, ओट्यालाही. दळताना घर्षणाने वीजभार तयार होतो त्याचा हा प्रताप. त्यावर उपाय म्हणजे बियांवर आधी पाण्याचा एखादा थेंब टाकून हलवायचं. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञाने यावर २०२३ मध्ये रीतसर शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच्या जोडीला होते ज्वालामुखीच्या राखेत विजा कशा चमकतात याचा अभ्यास करणारे लोक. हे मी मोठ्या उत्साहाने स्वयंपाकघरात सांगितलं. "ज्वालामुखी कुठेही होऊ दे," उत्तर आलं, "ओटा पुसून ठेवा."

हातचक्कीचा खरा दोष एकच, ती एकट्या माणसाची असते. दोन कप म्हणजे पुन्हा भरणं, पुन्हा फिरवणं, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी तिचं नावही काढायचं नाही. म्हणून पाहुण्यांसाठी मी नियम केला आहे: कॉफी हवी असेल त्याने स्वतः दळायची. परवा सोलापूरचे मामा आले. त्यांच्या हातात चक्की दिली तर त्यांनी बाह्या सावरल्या, बैठक मारली आणि गप्पा मारता मारता शेवटच्या बीपर्यंत फिरवली. झाकण उघडून दळण नाकाशी नेलं, डोळे मिटले, "झकास आहे रे," म्हणाले आणि आत हाक दिली, "सूनबाई, माझा चहाच टाक गं, आलं घालून."